एक हजार तीनशे बारावा

घरी आलो तेव्हा मंगल भाकरी थापत होती.
"कितवे आलात?"
"एक हजार तीनशे बारावा."
ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा.
हाताचं पीठ झटकत एवढंच म्हणाली,
"म्हणजे तुमच्याही मागं कोणी होतं."

होतं ना.
पेठ रोडच्या कोठुळे बाई होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या,
एक पोरगा होता, ज्यानं सुरुवातीला
मला अगदी सहज मागं टाकलं होतं,
आणि सगळ्यांच्या मागं, पहिल्या गिअरमध्ये, ॲम्ब्युलन्स.

पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर
सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.
थंडी अशी, की नंबर लावताना
पिन बनियनऐवजी बोटात गेली.
आनंदवलीपर्यंत मी शहाणा होतो,
सोमेश्वरपर्यंत तरुण.
पुढे धरणाकडचा चढ लागला
आणि माझं वय झालं. बावन्न.
सगळंच्या सगळं, एकदम.

तिथंच द्राक्षबागेत निघालेल्या बाया भेटल्या,
पिकअपमध्ये उभ्या, कानावरून रुमाल बांधलेल्या.
एक ओरडली,
"ओ भाऊ, कोन लागलंय मागं?"
अख्खा पिकअप खदखदला
आणि धुरळ्यात निघून गेला.
प्रश्न तेवढा माझ्या बरोबरीनं पळत राहिला.

कोण लागलंय?
घराचा हप्ता रविवारी सुट्टीवर असतो.
सातपूरचा भोंगा इथवर येत नाही.
तिथं मी दिवसभर व्हर्निअर घेऊन बसतो:
दोन शतांश जास्त भरला बुश
की टाकला लाल पेटीत.
सव्वीस वर्षं.
दिसायला किती चांगल्या गोष्टी नाकारल्या मी.
आणि इथं मी,
डावा पाय बाहेर फेकणारा,
छातीत शिट्टी वाजणारा, पोट मापाबाहेर,
आणि मला उचलून
कुणी लाल पेटीत टाकत नव्हतं.

सोळाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला.
दगडावर बसलो. संपलं, म्हटलं.
कोठुळे बाई येऊन थांबल्या.
धीर वगैरे दिला नाही.
म्हणाल्या, "उठा. मला एकटीला त्या गाडीची भीती वाटते."

मग एका विजेच्या खांबापर्यंत पळालो,
पुढच्या खांबापर्यंत चाललो,
पुन्हा पळालो.
त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोललो,
माझ्या नव्या चष्म्याबद्दल,
मिसळ कुठली चांगली याबद्दल.
त्यावर मात्र एकमत झालं नाही.
शेवटच्या वळणावर त्या म्हणाल्या, "व्हा पुढं तुम्ही."
मी झालो.
याची मला थोडी लाज वाटते
आणि थोडी नाही.

दोन तास एक्केचाळीस.
मागच्या वर्षीपेक्षा तीन मिनिटं जास्त.
कमानीपाशी एका मुलीनं नंबराखालचं नाव वाचलं,
"मधुसूदन काका, या या या!"
जणू पानं वाढलेली होती, मीच यायचा राहिलो होतो.

पदक पत्र्याचं आहे.
मंगलनं ते लायटरच्या खिळ्याला अडकवलंय,
शेगडी पेटवताना रोज जरा वाजतं.

सोमवारी कंपनीचा जिना
उलटा उतरलो, कठडा धरून, एकेक पायरी.
खालून साहेबांनी विचारलं, "काय झालं?"
"पळालो," म्हटलं.
"कशासाठी?"
मी थोडा वेळ वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं,
मग पाय चाचपडत
पुढची उतरलो.