मागचं दार

बिश्केकचा उकाडा. ऐझादाच्या स्वयंपाकघरात
नकाशा सारखा गुंडाळून घेतो स्वतःला,
म्हणून कोपऱ्यांवर वजनं:
जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी,
आमच्या दोन निळ्या पदव्या,
मिर्लानची लाल. पहिला आलास ना, मग दाबून धर आता.

गाडी एल्दियारच्या मामाची.
टायर बरे. हीटर बाराही महिने चालू,
मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं.

तीन दिवस, सोन-कुल, एवढंच ठरलं होतं.
मग नारिन. मग इतकं गेलोच तर ओश.
पेन्सिल पुढे पुढेच पळते,
परतीची रेघ कोणी ओढत नाही.
पेट्रोलचा हिशेब मी तीनदा मांडला,
तीनदा वेगळा आला.

"दोर घ्या," ऐझादाची आई भांडी विसळत म्हणते,
"कोणीतरी ओढून आणेल तुम्हाला."

आम्ही हसतो. मिर्लान नाही.
पाच तारखेचं विमान त्याचं,
मॉस्को, गोदामात रात्रपाळी.

त्या दाराशी कोण बसणार, यावरून खरं भांडण.
"मी," तो म्हणतो,
"तुम्ही उघडाल तेव्हाच उतरेन."
आणि चाखायला बरणी उचलतो.

ओश गुंडाळलं जातं.

ऐझादा यादीत लिहिते: दोर. लांब.