थंडीनं आकसलं

विल्हो लाहतीच्या पंपावर मी पोचले तेव्हा
सुपीरियर सरोवराकडून बर्फ आडवा येत होता.
मिशिगनचं हे वरचं टोक. तांब्याच्या खाणी कधीच बंद,
मागे राहिल्या त्या लाकडी सौना, फिनिश आडनावं
आणि जमिनीखाली पेट्रोलच्या टाक्या.

त्याच्याकडे एक काठी होती, बापाच्या वेळची,
आकडे झिजलेली.
रोज सकाळी टाकीत सोडायची, ओली खूण बघायची,
वहीत मांडायची.
महिन्याकाठी अकरा गॅलन कमी.
पुढे त्याच्याच ठळक अक्षरात: थंडीनं आकसलं.
जुलैच्या पानांवर: उन्हानं उडालं.

मी पेटीतून तार काढली. तार कसली,
केसाएवढी काच, वर पातळ लेप.
म्हटलं, यात वीज नाही, ठिणगीची भीती नाही,
आतून नुसता उजेड धावतो.
पेट्रोलची वाफ लागली की लेप फुगतो,
तेवढ्या जागी उजेड काचेत ठरत नाही, निसटतो.
किती निसटला, कुठे निसटला, तेवढं मोजायचं.

तो काच बोटांवरून फिरवत राहिला.
"म्हणजे गळती कळायची
तर उजेडालाच गळावं लागतं."
कंपनीच्या माहितीपत्रकात
हे असं लिहिलेलं नाही.

जाळीदार नळ्या रोवल्या, त्यांतून काच ओवली.
रात्री मी गाडीत बसून पडदा बघायची,
तो थर्मासमधून कॉफी आणून द्यायचा,
आणि हिशेबाची वही काखेत, उगाचच.

तिसऱ्या रात्री रेघ खचली.
टाकीपाशी नाही. टाकी ठणठणीत.
उत्तरेच्या कोपऱ्यात, अठराव्या मीटरवर,
नकाशात जिथे काहीच नाही,
जिथे त्याच्या बायकोनं तीनदा लायलॅक लावला
आणि तीनदा तो मुळापासून काळा पडला.

"दुसरा पंप होता तिथे," तो म्हणाला.
मग गप्प.
मग, "एकाहत्तरला आम्ही दोघांनी उपटला. बाप आणि मी.
नळी राहू दे म्हणाला. खणायला पैसे पडतात."

त्या कोपऱ्यापासून जमीन उतरते
ती थेट आउने सारेलाच्या विहिरीपर्यंत.
आउने दोन वर्षं सांगत होती, कॉफीला वास येतो.
चर्चमध्ये, दुकानात, टपाल घेताना.
सगळे म्हणायचे, वय झालं तिचं.
सगळ्यांत विल्होही.

सकाळी मी यंत्राचा कागद फाडून त्याला दिला.
त्यानं वाचला नाही, घडी करून खिशात घातला.
काउंटरवर वही उघडी होती,
आजची तारीख, आजचा आकडा,
पुढची जागा कोरी.

काचेतून बघितलं तर तो उतारानं चालला होता,
दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, टोपी विसरलेली.
तिच्या दारात कॅन खाली ठेवले.
हात वर केला, कडीपर्यंत नेला,
आणि तसाच उभा राहिला
बर्फ खांद्यावर साचेपर्यंत.