पडद्याआड

बांबोळीला शेक घेऊन आल्यापासून
शाणूबाबाच्या तोंडात भर पावसातही मे महिना.
उंडा चहात बुडवला तरी उतरत नाही,
आणि 'ळ' म्हणताना जीभ टाळूलाच चिकटते.

डॉक्टरीणबाईंनी एक चकती दिलीय,
तामशाच्या खवल्यासारखी, आरपार दिसणारी.
गालाच्या आत दाबून तीस आकडे मोजायचे,
मग ती बसते तिथंच, विरघळत,
आटलेल्या ग्रंथींना थोडंथोडं औषध सोडत.
"म्हणजे हीसुद्धा पडद्याआडचीच!"
असं म्हणून तो किती तरी दिवसांनी हसला.

काल सावईवेऱ्याच्या जत्रेत
तिसऱ्या अंकाला राजा अडला.
बॅटरीच्या उजेडात वही.
शाणूबाबाने गालावरून बोट फिरवलं,
थांबला,
जिभेखाली थेंबभर ओल आली तसा
कुजबुजला,
"कळलं, प्रधानजी."

राजाला ऐकू गेलं.