पाच अंश

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पेट्या आत घेतो.
सहाशे बारा. फोर्कलिफ्टवर चार-चार,
दारं सताड उघडी, आणि कोणी बोलत नाही.
बोललं की माश्या उठतात असं तातोंचं म्हणणं,
खरं-खोटं मी कधी तपासलं नाही.

मग दार लावायचं. अंधार.
पाच अंश.
चार चालेल, सहा चालेल,
नऊच्या पुढे त्यांना वाटतं वसंत आला,
त्या निघतात, भिंतींवर आपटतात,
आणि फरशीवर मरून पडतात
एका खोट्या बातमीपायी.

बाहेर उणे अडतीस. डॉफिनच्या रस्त्यावर
नेस्टरचा ट्रक परवा गोठला तो अजून तिथेच आहे,
आरशावर बर्फाची साय धरून.

थंडीने माशी मरत नाही, हे शहरातल्यांना पटत नाही.
एकटीदुकटी मरते.
घोळका करून, पंख मिटून, नुसते स्नायू थरथरवत
त्या मधोमध एक उन्हाळा जपतात,
मुठीएवढा, राणीपुरता.
काठावरची आत सरकते, आतली काठावर येते,
पाळ्या कुणी लावून दिलेल्या नाहीत.
मारते ती ओल.
मारते उपासमार, मधापासून चार बोटांवर.
मारते अवेळी आलेली ऊब.

घरात वेगळं हवामान.
तिथे सत्तावीस, तरी तातो म्हणतात, गार लागतंय.
दोन स्वेटर, वर आईची शाल.
हीटरच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे,
ते ती नखाने सोलून काढतात.
माझं नाव जानेवारीत गेलं.
आता मी कधी स्टेफा असते, त्यांची वारलेली बहीण,
कधी पोस्टातली बाई.
दिवसातून तीनदा मी अंगण ओलांडते,
सत्तावीसातून पाचात,
आणि मधली ऐंशी पावलं कशातच नाही.

शेडमध्ये लाल दिवा. लाल त्यांना दिसत नाही.
मेलेल्या झाडून काढते. अर्धी बादली.
एवढ्या मरायच्याच.
वहीत आकडा लिहिते, पेन्सिलीने, शाई ओलीने फुटते.
वहीची पहिली एकोणीस वर्षं त्यांच्या अक्षरात आहेत,
त्यांचा सात काय, एक काय, सारखाच दिसतो.

अकरा मार्चच्या रात्री पंखे बंद पडले.
छपरावरून पाणी गळत होतं, हवा नको तितकी सैल.
आवाज आधी कळला, काटा मागाहून.
पाच अंशाला सहाशे पेट्या म्हणजे
झोपलेल्या माणसाचा श्वास.
आठाला त्या बोलतात
आधण येण्याआधी पातेलं बोलतं तसं.

नेस्टर आला, पायजम्यावर कोट चढवून.
आम्ही दारं उघडली आणि फावड्यांनी
बर्फ आत टाकायला लागलो.
सबंध हिवाळा लोक जो उंबऱ्याबाहेर लोटतात,
तो आम्ही घमेल्यांनी आत आणून
दोन रांगांमधून पसरत गेलो.

दीडच्या सुमारास तातो दारात.
सपाता, शाल, उघडं डोकं.
कुणी अडवायच्या आत ते आत आले,
तिसऱ्या रांगेतल्या एका पेटीला कान लावला,
डोळे मिटले. बराच वेळ.
"सात," म्हणाले. "अजून टाका."

मी लाल दिव्यात काटा पाहिला.
सात, आणि वर एक केस.

टाकला. पहाटे चारला साडेपाच.
नेस्टर फावड्यावर हनुवटी टेकून उभ्या उभ्या झोपला होता.
तातो अजून पेटीपाशीच. मी हात धरला,
बर्फासारखा, आणि त्यांची काही तक्रार नव्हती.
"तू कोण?" त्यांनी विचारलं,
अगदी हळू, माश्या उठू नयेत म्हणून.
मीही तितक्याच हळू सांगितलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, वहीत लिही,
तारीख, आकडा, बर्फ किती घमेली.

चाळीस, मी लिहिलं.
मोजली कुणी होती.