जागा भरणे आहे

जाहिरात दरवेळी मीच लावते,
तार्तूच्या फिजिक्स इमारतीत, तळमजल्यावर,
कॉफीच्या यंत्राशेजारी, जिथे वाफेने कागद
दोन दिवसांत कडेला वळतो.
पोस्टडॉक, जागा एक. मुदत दोन वर्षं.
निधी मिळाल्यास वाढ.

सव्वीस वर्षं मी इथे तंत्रज्ञ.
डॉक्टरेट नाही. हात बसलाय, एवढंच.
पंपाचा आवाज बदलला
तर मला जिन्यातच कळतं.

पंपाला सासरा म्हणायचं ते गुन्दार्सने ठरवलं.
रीगाहून सायकलसकट आला होता.
म्हणे, खोकतो रात्रंदिवस, पण खाट सोडत नाही.
तो गेला, नाव राहिलं.
मग चिंग-यू. तीन प्राध्यापकांना न सापडलेली गळती
तिने साबणाच्या फेसाने पकडली,
आणि तो बुडबुडा मला दाखवायला
अनवाणी धावत आली.

आता बेनेदेत्ता.
मागच्या नोव्हेंबरात तिचाच निकाल
दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या देशात,
चार दिवस आधी छापला.
मी काही बोलले नाही.
आम्ही दोघींनी फ्लँज अल्कोहोलने पुसली,
मग पुन्हा पुसली,
पुसायची काही गरज नसताना.

खालच्या खणात गेलेल्यांचं सामान आहे.
एक हातमोजा, बर्फावरचे बूट, कुणाचा तरी चमचा.
नव्या माणसाला मी तो चमचा देते.
कुणाचा, ते सांगत नाही.

या वेळी अर्ज एकशे चौदा.
रैवो वाचायला मलाही बसवतो,
म्हणतो, माणूस तुला कळतो, मला आलेख कळतात.
सगळ्यांची तीव्र इच्छा.
सगळे संघात उत्तम काम करणारे.
कुमासीहून एकीचा, अकोसुआ नावाच्या,
प्रकाशनांची यादी आखूड,
आणि अगदी खाली एक प्रश्न:
ही जागा सोडणारी व्यक्ती
इथून कुठे जाते आहे?

रैवोने चष्मा काढला.
खिडकीबाहेर एमायोगीवरचा बर्फ
करडा पडला होता, अजून फुटला नव्हता.
एकतीस मार्चला बेनेदेत्ताचं ओळखपत्र बंद होईल.
अकरा ठिकाणी लिहिलंय तिने.
दोघांनी नाही म्हटलं,
बाकीच्यांनी तेवढंही नाही.

उत्तर मी लिहिलं.
तिला माहीत नाही अजून.
खिडकी खालून बुक्की मारली की उघडते.
चौथ्या तासाला पंप खोकेल, घाबरू नकोस.
निवड झाली तर, असं लिहायचं राहून गेलं.
रैवोने वाचलं. खोडलं नाही.

संध्याकाळी बेनेदेत्ता
पुढच्या माणसासाठी वही लिहीत होती.
झडप तीन: फक्त पाव वळसा.
न जमल्यास लेलोला विचारा.
कपाटातल्या सगळ्या वह्यांत हे आहे,
वेगवेगळ्या अक्षरांत. लेलो म्हणजे मी.

जाताना जाहिरातीचा कोपरा दाबून बसवला.
दिवा मालवेपर्यंत
तो पुन्हा वळला होता.