नमुना आठ

ड्रोन मंगळवारी येणार होता,
म्हणून सोमवारी खारवाडीत चुना वाटला,
घरटी अडीच किलो.
आपापल्या घराभोवती रेघ ओढायची,
म्हणजे वरून दिसेल कोण कुठे संपतो.

मी ग्रामपंचायतीची लिपिक.
माझ्या काखेत रजिस्टर:
घर क्रमांक, मालक, भोगवटादार.
शेवटच्या दोघांच्या मध्ये एक लाल उभी रेघ,
कुणा जुन्या ग्रामसेवकाने पट्टी न घेता मारलेली.

त्या रेघेच्या डावीकडे आधी खोत होता.
घर तुमचं, म्हणायचा, जमीन माझी.
दारातल्या फणसाचं पहिलं फळ त्याच्या ओटीवर,
आणि कौलं चढवायची नाहीत, चुडतं पुरेत.
कुळाचं छप्पर खोताच्या छपराशी बोलू लागलं
तर पावसाने ऐकायचं कुणाचं?
खोती गेली. त्या रकान्यात आलं 'सरकार',
त्याला फणस कुठे पोचवायचा
ते अजून कुणाला कळलेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी वाडीभर भांडणं झाली,
बारीक, चुन्याच्या जाडीची.
दत्ताराम मालंडकराने वहिनीची चूल रेघेबाहेर ठेवली,
तिने ती पायाने पुसली.
नालासोपाऱ्याहून कुणी फोनच्या काचेत ओरडत होता,
'माझी पडवी खय? पडवी दाखव आधी.'
इसाक होडेकर म्हणाला,
होडीचा मांगर घरात धरायचा का?
धर, म्हटलं. पावसाळ्यात तूही तिथेच असतोस.

फक्त दोनशे सहाच्या दारात चुना पडला नव्हता.
मालक: दीर. भोगवटादार: जयवंती.
भोगवटा हा शब्द मी रोज लिहिते.
त्यात भोग आधी येतो
हे तिच्या पानावर दिसलं.

मंगळवारी सकाळी ती सापडली
सुरूंच्या पलीकडे, ओल्या रेतीत, गुडघ्यांवर.
चुन्याने घर काढत होती.
ही खोली. ही न्हाणी. हयसर तुळस.
'ह्या माझा घर,' म्हणाली, 'एकशेबारा.'

एकशेबारा दर्याने नेलं त्याला एकोणीस वर्षं झाली.
पंचनाम्याचे पैसे तिच्या सहीवर आले,
त्यांतून दोनशे सहा उभं राहिलं
दिराच्या नावे.

मी मागे गेले, वाळवीने किनार खाल्लेल्या पानावर.
मालक: जयवंती वासुदेव कुबल.
ग्रामसेवक आला त्या दिवशी नवरा दर्यात,
सासरा बाजारात.
त्याने नाव विचारलं, तिने आपलंच सांगितलं.
त्या जुन्या वहीत लाल रेघेच्या डावीकडे
बाई एकदाच आलीय,
तीही बाकी कुणी घरी नव्हतं म्हणून.

शेरा: घर अस्तित्वात नाही.
त्याखाली दरवर्षी
घरपट्टी बेचाळीस, दिवाबत्ती पाच,
पूर्ण भरणा.
त्यातल्या सात पावत्या मीच फाडल्यात.
कधी विचारलं नाही कसली पट्टी,
मार्चमध्ये वसुलीचं टार्गेट असतं.

'ड्रोन अकराक येतलो,' मी म्हटलं, 'तवसर भरती येतली.'
'अकराक सुकती आसा. मिया तिथ बघलंय.'

ड्रोन आला. कोंबड्या मांगरात पळाल्या,
पोरं त्याच्यामागे.
जयवंतीने चपला चुन्याबाहेर काढल्या
आणि आत जाऊन उभी राहिली,
जिथे दार होतं तिथूनच वळून.

नकाशा श्रावणात आला.
दोनशे सहा आहे, मांगर आहे,
मालंडकरांची चूलसुद्धा.
सुरूंच्या पलीकडे नुसता निळा रंग भरलाय.

मार्चमध्ये ती आली, पदराच्या गाठीत सत्तेचाळीस.
कॉम्प्युटर एकशेबारा घेईना.
मी कपाटातून जुनं पावती-पुस्तक काढलं,
कार्बन घातला,
मालकाचं नाव पूर्ण लिहिलं, नवऱ्याचं वगळून.
सगळे सुट्टे होते.
मी मोजले नाहीत.