तिसरं बटण

बॅटरी बदलली त्या दिवसापासून
रेडिओ एकच शब्द दाखवायचा: कोड.
खाली चार रेघा लुकलुकायच्या,
आणि मी महापेच्या सिग्नलला
आपल्याच दारात कुणी नाव विचारावं तसा.

गाडी दोघांनी मिळून घेतलेली, सेकंडहॅण्ड.
जिनं बनवली ती कंपनी पुढं देशच सोडून गेली.
वाटणीत गाडी माझ्याकडे आली,
कोड जालिंदरकडे राहिला.
स्टॅम्पपेपरवर माथाडीची खोली होती,
आईच्या पाटल्या होत्या,
घंगाळसुद्धा होतं, पोचा आलेलं.
चार आकड्यांचं कुणाला सुचलं नाही.

तो घणसोलीत, मी कोपरखैरण्यात.
मध्ये एक नाला.
नऊ वर्षं.
फोन केला असता तर सांगितला असता त्यानं लगेच.
म्हणूनच केला नाही.

तुर्भ्यात मसाला मार्केटच्या मागं
सर्वेश ठाकूरचं दुकान. हवेत मिरची.
‘काका, कोड नाय तं रेडिओ मेला,’ तो शिंकला.
‘साडेसहात स्क्रीन टाकतो. मागचा कॅमेरा फुकट.’
सायकलच्या तारेचे दोन आकडे वाकवून
कडेच्या भोकांत घातले, हिसका दिला,
आणि वीस वर्षांचा तो चौकोन
दाढेसारखा बाहेर आला.

खोबणीत हात घातला त्यानं:
ऐरोलीच्या टोलची पावती, शाई उडालेली,
बडीशेपेचे दाणे,
एक रुपया, जुना, मोठा,
पुतणीची निळी क्लिप.
ती कितवीत असेल आता, हिशोब करायला गेलो
तर कॉलेजसुद्धा संपून गेलं होतं.

‘पिवळी वायर कायमची,’ सर्वेश सांगत होता,
‘गाडी बंद असू दे नायतर चालू. हिच्यावर आठवण.
लाल चावीबरोबर येते, चावीबरोबर जाते.’
बोलता बोलता जुना प्लग कापला.
मग रेडिओ पालथा केला.

डोक्यावर धुळीनं भरलेलं स्टिकर,
त्यावर बॉलपेननं, देवनागरीत
(आकडे तो कायम मराठीतच काढायचा,
बँकेतसुद्धा, कॅशियर चिडला तरी):
४०७१.
कुणाची जन्मतारीख नाही. खोलीचा नंबर नाही.
कंपनीनं दिलेले चार आकडे, बस.

‘जुनाच परत बसवू का?’
सर्वेशच्या हातात कापलेला प्लग होता.
मला शिंक आली, म्हणून उत्तर राहिलं.

नव्या स्क्रीनची पिवळी आणि लाल
त्याच्याकडून उलटसुलट लागली बहुतेक.
रोज सकाळी चावी फिरवली की
ती सगळं विसरलेली.
पहिला प्रश्न: भाषा निवडा.
मी मराठी दाबतो.
दुसऱ्या दिवशी पुन्हा: भाषा निवडा.
दुकान दहा मिनिटांवर. काम पाच मिनिटांचं.
आठ दिवस तसाच चालवत राहिलो.

नवव्या दिवशी स्टिकरचा फोटो काढला
आणि पाठवला त्याला.
वर काही नाही, खाली काही नाही.
दोन खुणा निळ्या झाल्या, मग दिवसभर तशाच निळ्या.

रात्री सव्वाअकराला आलं:
‘तिसरं बटण चालतंय का?’

तिसरं बटण आत गेलं की आतच राहायचं.
काडेपेटीची काडी घालून उचकटावं लागायचं.
तो चालवायचा, मी काडी धरायचो.
बिडी दोघांतलं कुणी ओढत नव्हतं,
तरी गाडीत काडेपेटी कायम.
पोलिसानं एकदा हुंगून पाहिलं होतं आम्हाला.

रेडिओ कपाटावर आहे, पिशवीत,
वायरी मिशांसारख्या बाहेर.
उठलो. दिवा लावला. तिसरं बटण दाबलं.
आत गेलं.
थांबलो.
आलं नाही.

स्वयंपाकघरात लायटर दोन आहेत, एक देवापाशी.
काडेपेटी कुठंच मिळेना.
आतून बायको विचारते,
एवढ्या रात्री काय शोधताय.